रंगीत पानाचे कारागीर

ज्याच्या आयुष्याची तीसएक वर्षे कारखान्याच्या दरवाजावरील सभा, पगारवाढीची निवेदने आणि बोनसाचे हिशेब यांत गेली, त्याने वसंतोत्सवाच्या व्यासपीठावरून शोभेच्या झाडाच्या पानाविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्हांला त्यात विसंगती दिसत नाही. चळवळीने आम्हांला एक खोड लावली आहे. कोणतीही वस्तू समोर आली की तिची किंमत विचारण्याआधी ती केली कोणी, हे आम्ही विचारतो. कापडाच्या ठाणाला हा प्रश्न विचारतो, लोखंडी तुळईला विचारतो. मग पानाला तो का विचारू नये?

ज्या झाडाबद्दल बोलायचे ते आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचे आहे. सावलीतल्या गॅलरीत, दवाखान्याच्या किंवा पेढीच्या पायरीशी ते कुंडीत दिसते. त्याला रेक्स बेगोनिया म्हणतात. त्याचे फूल फिकट आणि बेताचे; सारी शोभा पानात. पान एका बाजूस मोठे, दुसऱ्या बाजूस लहान, म्हणजे जवळजवळ हत्तीच्या कानासारखे. कडेला वांगी रंगाची किनार, आत चांदीचा पट्टा, मध्यावर पुन्हा काळपट हिरवे किंवा लाल. रोपवाटिकेत दहा कुंड्या ओळीने मांडल्या तर दहांची नक्षी निराळी असते. अशी पाने रानात जशीच्या तशी सापडत नाहीत. रानातून आलेल्या मूळ जातींवर माणसाने दीडशे वर्षांहून अधिक काळ मेहनत घेतली, तेव्हा ती निपजली. त्या मेहनतीचा इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्रथम नाव पाहू. शार्ल प्लुमिए हा फ्रेंच संन्यासी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो वेस्ट इंडीज बेटांवर गेला, तेथे त्याला ही वनस्पती दिसली, आणि आपला आश्रयदाता मिशेल बेगॉन याच्या सन्मानार्थ त्याने तिला बेगोनिया हे नाव दिले. पुढे १७५३ मध्ये लिनियसने तेच कायम केले. हा बेगॉन कोण? तो १६३८ मध्ये जन्मला आणि १७१० मध्ये वारला. वनस्पती, नाणी, पुस्तके यांचा त्याला मोठा षोक होता. पण तो होता राजाचा अंमलदार. फ्रेंच बेटांचा कारभार त्याच्याकडे असताना, १६८३ मध्ये, तेथील गुलामांविषयीच्या कायद्याचा मसुदा करून राजाकडे धाडणाऱ्यांत तो होता. त्यातूनच १६८५ चा ‘कोड नॉयर’, म्हणजे ‘काळा कायदा’, तयार झाला. ज्या बेटांवर हे झाड फुलले होते तेथील उसाच्या मळ्यांत राबणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोणत्या फुलाला मिळाले नाही. ज्याने त्यांच्या बेड्यांना कायद्याची भाषा दिली, त्याचे नाव दोन हजारांहून अधिक जातींच्या कुळाला मिळाले. आम्ही हे कडवटपणाने सांगत नाही. नाव आणि श्रम यांचा मेळ इतिहासात किती क्वचित बसतो, हे आरंभीच ध्यानात असावे, एवढ्यासाठी सांगतो.

आता कोणी म्हणेल, ही परदेशातली हकीकत. आमचा तिच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जुना आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कातळावर, घाटातल्या भिंतींवर, किल्ल्यांच्या तटांवर फिकट गुलाबी फुलांचे एक नाजूक रोप उगवते. त्याचे पान चावले तर आंबट लागते. हाही बेगोनियाच, शास्त्रीय भाषेत ‘बेगोनिया क्रेनाटा’. त्याची शास्त्रीय नोंद झाली ती अठराव्या शतकाच्या शेवटी, लंडनमध्ये, ड्रायँडर नावाच्या पंडिताच्या निबंधात. आणि तिचा आधार होता साष्टीहून गेलेला नमुना. तो गोळा करणारा अँटन होव्ह हा पोलंडचा वनस्पतिज्ञ १७८७ मध्ये मुंबईस उतरला होता. उघडपणे तो क्यूच्या राजोद्यानासाठी झाडे गोळा करावयास आला होता. त्याला आतून मिळालेली आज्ञा वेगळी होती : गुजरातेतील उत्तम कापसाचे बी मिळवावे, आणि तो कसा पिकवितात ते समजून घ्यावे. मँचेस्टरच्या चात्यांना कापूस हवा होता. त्याची प्रवासवही पुढे १८५५ मध्ये मुंबईसच छापली गेली. साष्टीच्या कातळावरचे फूल आणि गुजरातेतील सरकी, ही दोन्ही एकाच माणसाच्या सामानात होती. शास्त्र आणि व्यापार त्या काळी एकाच होडीतून प्रवास करीत.

परंतु कातळावरचा आपला बेगोनिया पावसाबरोबर येतो आणि पावसाबरोबर जातो. कुंडीतल्या रंगीत पानाचा मूळपुरुष त्याहून फार दूरचा, आसामच्या दमट डोंगरांतला. तो युरोपात कसा पोहोचला हे समजण्यासाठी त्या वेळच्या विलायतेकडे पाहिले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडात तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, काचेवरील कर १८४५ मध्ये उठला आणि काच स्वस्त झाली. दुसरी, कोळसा मुबलक होता. तिसरी, वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टराने शोधलेली काचेची बंद पेटी. तिच्यात रोप ठेवले की त्याचीच वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरे, आणि चार-सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासातही रोप जगे. गिरण्यांच्या आणि वसाहतींच्या पैशावर गबर झालेल्या घरांना आपल्या काचघरात उष्ण देशांचे रान हवेसे वाटू लागले. सर्वांत अधिक मागणी होती ती ऑर्किडची, म्हणजे झाडांवर वाढणाऱ्या अमरीवर्गीय वनस्पतींची.

त्या व्यापाराचा ताळेबंद जोसेफ हुकर या विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या १८५४ च्या हिमालय-प्रवासवर्णनात लिहून ठेवला आहे. १८५० मध्ये खासी टेकड्यांत असताना त्याने निळ्या व्हँडा ऑर्किडची सात माणसांची ओझी क्यूसाठी गोळा केली. त्यांतली फारच थोडी रोपे जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने एका माणसाचे ओझे विलायतेला विक्रीसाठी धाडले. ते अर्धमेल्या स्थितीत पोहोचूनही ३०० पौंडांना विकले गेले. त्या सुमारास इंग्लंडातील शेतमजुराची आठवड्याची मजुरी सरासरी साडेनऊ शिलिंग होती. हिशेब आम्ही केला आहे : ३०० पौंड म्हणजे त्या मजुराची बारा वर्षांची कमाई. खासी टेकड्यांच्या वाटेवर ते ओझे ज्याने पाठीवर वाहिले त्याच्या हाती काय पडले, हा आकडा मात्र पुस्तकात नाही. मापासाठी माणसाची पाठ वापरली गेली. तिच्या धन्याचे नाव लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही.

अशाच एका आसामी ऑर्किडच्या मालाबरोबर, कोणी न मागविता, एक रांगत्या खोडाचे झाड लंडनच्या लिलावात आले, असा वृत्तांत बागायतीच्या इतिहासात दिला जातो. साल १८५६. ब्रुसेल्सचा प्रसिद्ध वनस्पती-व्यापारी जाँ लिंडेन याने ते झाड ओळखले आणि वाढविले. लिंडेनने स्वतः दक्षिण अमेरिकेतील जंगले तुडविलेली होती. त्याची नजर तयार होती. गर्द हिरव्या, सुरकुतलेल्या मोठ्या पानावर चारी बाजूंनी फिरलेला चांदीचा रुंद पट्टा पाहून त्याचे महत्त्व त्याने जाणले. १८५७ मध्ये पुत्झेयस यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हे पुत्झेयस पेशाने बेल्जियमच्या न्यायखात्यातले आणि हौसेने किड्यांचे अभ्यासक. शाळा-महाविद्यालयाबाहेर शिकलेल्या आमच्यासारख्यांना अशा माणसांविषयी आपुलकी वाटते. त्यांनी झाडाला नाव दिले ‘रेक्स’, म्हणजे राजा.

येथून संकराचा इतिहास सुरू होतो. तो समजण्यासाठी नवा वाण प्रत्यक्ष कसा तयार होतो, हे नीट पाहिले पाहिजे. कारण कामाची पायरी न् पायरी कळल्यावाचून कारागिराची किंमत कळत नाही.

बेगोनियात नर फुले आणि मादी फुले एकाच झाडावर, पण वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे पंखांसारख्या कडांची बोंडी असते, म्हणून ओळखण्यास सोपी. संकर करणाऱ्याने एका जातीचे झाड आई म्हणून निवडावे, त्याची नर फुले उमलण्याआधी खुडावीत, आणि दुसऱ्या जातीच्या नर फुलातील पिवळी पूड मादी फुलाच्या पिळदार टोकांना हलकेच लावावी. मग फुलाला चिठ्ठी बांधावी : आई कोण, बाप कोण, तारीख काय. बोंडी सुकून तपकिरी झाली की आत बी मिळते. हे बी म्हणजे निव्वळ धूळ. एका औंसात सुमारे वीस लाख दाणे भरतात. ते मातीत पुरावयाचे नाही, कारण त्याला उजेड लागतो. ओल्या बारीक मातीवर नुसते शिंपडून वर काच ठेवावयाची. दोन-तीन आठवड्यांत हिरवी बुरशी आल्यासारखे दिसते. तीच रोपे. ती चिमट्याने किंवा चिरलेल्या काडीने एकेक उचलून दुसरीकडे लावावी लागतात. पाणी वरून ओतले तर वाहून जातात, कमी पडले तर तासाभरात मरतात.

खरा कस पुढे लागतो. एका बोंडीतली भावंडे सारखी निघत नाहीत. कोणाचे पान चांदीचे पण खोड दुबळे. कोणाचा रंग उत्तम पण हिवाळ्यात पाने झडतात. शेकडो तर आईबापांपेक्षाही सामान्य. संकरकाराला वर्षभर ती सगळी सारख्याच मायेने वाढवावी लागतात आणि मग एक-दोन ठेवून बाकीची टाकून द्यावी लागतात. आणि हे ध्यानी घ्या की मेंडेलचा आनुवंशिकतेवरील निबंध १८६६ मध्ये छापला गेला, पण जगाने तो वाचला १९०० मध्ये. पहिल्या चाळीस वर्षांतील माळी नियम ठाऊक नसताना, केवळ नजर, वही आणि धीर यांवर काम करीत होते.

निवडलेले एक रोप हाती आले की तेथून निसर्ग संकरकाराला मोठी सवलत देतो. बियांवाटे ते गुण टिकत नाहीत, पण पानावाटे टिकतात. रेक्स बेगोनियाचे पिकलेले पान घ्यावे, मागच्या बाजूने जाड शिरा चाकूने छेदाव्यात, आणि ते ओल्या वाळूवर सपाट दाबून ठेवावे. काही आठवड्यांत प्रत्येक छेदापाशी मुळे फुटतात, मग इवले पान, मग पुरे रोप. आणि ते हुबेहूब मूळ झाडासारखे. बोटभर तुकड्यात एक शीर असली तरी पुरते. एका पानातून पुष्कळ झाडे, त्या प्रत्येकाच्या पानांतून आणखी. ही गोष्ट लक्षात असू द्या. पुढे कायद्याचा सारा खल याच गुणाभोवती आहे.

रेक्सचा संकर प्रथम जवळच्या नात्यातील जातींशी झाला : भूतानकडून आलेली पिवळ्या फुलांची ‘झँथिना’, पूर्व हिमालयातील ‘ग्रिफिथी’. काही वर्षांतच युरोपातील रोपवाटिकांच्या याद्या नव्या नावांनी भरून गेल्या. १८८२ मध्ये लिंडेननेच बोर्निओची ‘डायडेमा’ बाजारात आणली. तिचे पान खोल कातरलेले आणि रुपेरी ठिपक्यांचे. फ्रेंच संकरकारांनी तिच्याशी रेक्स जुळविला, तेव्हा टोकदार, कातरलेल्या पानांचा घराणा निघाला. मलायाच्या डोंगरातील ‘डेकोरा’ हिने लहान चण आणि तांबूस मखमल दिली. त्याच दशकात हंगेरीत ज्याच्या पानाचा देठाजवळचा भाग गोगलगाईच्या शंखासारखा वळला आहे, असा वाण निघाला. त्याला एर्दोदी घराण्यातील काउंटेस लुईझा हिचे नाव मिळाले. काउंटेसने त्या बोंडीला चिठ्ठी बांधली नव्हती. ती बांधली बागेतल्या माळ्याने. पण पाटी काउंटेसची. आज बाजारात शंखाकार पानाचे जे वाण मिळतात, त्यांच्या पूर्वजांत ती मानाने बसलेली आहे.

एक प्रश्न येथे विचारला पाहिजे : ही चांदी आली कोठून? ती संकरकाराने निर्माण केली काय? तैवानच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. बेगोनियाच्या पानावरील रुपेरी भागात कोणताही पांढरा रंग नसतो. वरची कातडी आणि आतला हिरवा थर यांच्यामध्ये बारीक हवेच्या पोकळ्या असतात. त्यांवरून प्रकाश परततो आणि आपल्याला चांदी दिसते. खालचा हिरवा थर आपले काम करीतच असतो, त्यामुळे नक्षीपायी झाडाचे अन्न कमी होत नाही. म्हणजे चांदी ही रानाची. गर्द झाडीच्या अंधारात जगणाऱ्या जातींनी युगानुयुगे कमावलेली. संकरकाराने ती नव्या जागी, नव्या रंगाच्या शेजारी बसविली. सोनार सोने करीत नाही, म्हणून त्याची घडणावळ खोटी ठरत नाही. तसेच घडणावळ खरी आहे म्हणून सोने त्याचे होत नाही.

या इतिहासातले आणखी एक काम दृष्टीआड राहते. दमट उष्ण प्रदेशातील ही पाने युरोपच्या बर्फात जगली ती कोळशावर. चॅट्सवर्थ येथे पॅक्स्टनने १८४० मध्ये पुरे केलेल्या प्रचंड काचघराखाली आठ बॉयलर आणि सात मैल नळ होते. कोळशाच्या गाड्या जमिनीखालच्या बोगद्यातून येत. वरून फिरणाऱ्या पाहुण्यांना ना काजळी दिसे, ना कामगार. मोठमोठ्या बागांत तरुण माळ्यांनी काचघरालगतच्या खोपटात राहावे आणि हिवाळ्याच्या रात्री उठून भट्टीत कोळसा घालावा, असा रिवाज होता. एक रात्र डोळा लागला तर दहा वर्षांचे वाण सकाळी काळे पडलेले. मग पहिले महायुद्ध आले. कोळसा युद्धाकडे गेला, माळी खंदकांत गेले. चॅट्सवर्थचे ते काचघर थंड पडले आणि १९२० मध्ये पाडले गेले. युरोपभर किती काचघरांवर अशी पाळी आली आणि त्यांतल्या वाणांचे काय झाले असेल, याची कल्पना करता येते. रानातली जात आपल्या बळावर जगते. माणसाने केलेला वाण रोज कोणी तरी पाणी घालील आणि दर दोन-चार वर्षांनी त्याचे पान वाळूवर लावील, तोवरच जगतो.

पुढल्या काळात हे वाण सांभाळणाऱ्यांत सामान्य घरांतील माणसे मोठ्या संख्येने आली. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अमेरिकन बेगोनिया सोसायटी स्थापन झाली. खिडकीच्या कट्ट्यावर चार कुंड्या ठेवणारे लोक तिचे सभासद झाले आणि एकमेकांना पाने देऊ लागले. पाकिटातून एक पान गेले की वाण गावोगाव पोचला. नव्या वाणाची नोंद करण्याचे कामही पुढे या संस्थेकडे आले. आणि त्या नोंदीत वाणाचे नाव, करणाराचे नाव आणि शक्यतो आईबापांची नावे मागितली जातात. ही पद्धत आम्हांला फार आवडते.

पण बाजाराला पाकिटातले पान परवडत नाही. ज्याने पाच-सात वर्षे घालवून वाण काढला, त्याच्याकडून एकाने एक कुंडी विकत घ्यावी आणि पुढल्या हंगामात हजार कुंड्या विकाव्यात, हे त्या माळ्याला अन्यायाचे वाटले तर ते चूक म्हणता येत नाही. अमेरिकेत १९३० मध्ये वनस्पतींच्या पेटंटचा कायदा झाला, आणि तो नेमका कलमाने, छाटाने, पानाने वाढविल्या जाणाऱ्या झाडांसाठी होता. बटाट्यासारखी कंदांवर वाढणारी अन्नपिके त्यातून वगळली होती. बेगोनियाच्या पुष्कळ वाणांना तेथे असे हक्क मिळाले आहेत. १९६१ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय करार झाला. आता पानाचा तुकडा वाळूऐवजी काचेच्या बाटलीत वाढतो, आणि झडपेपुढे बसून चिमट्याने दिवसभर तुकडे करणाऱ्या कामगार मुली महिन्याला हजारो रोपे तयार करतात. त्या मुलींचे वेतन, कामाचे तास आणि मानेचे दुखणे हा आमच्या रोजच्या कामाचा विषय आहे. तो येथे लांबवीत नाही.

आपल्या देशाने २००१ मध्ये जो कायदा केला त्याचे नावच मुळी ‘वनस्पती-वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क’ असे आहे. या नावातला दुसरा अर्धा भाग सहजी आलेला नाही. वाण काढणाऱ्याचा हक्क त्यात मान्य आहे. त्याचबरोबर शेतकऱ्याने आपल्या पिकाचे बी ठेवावे, पेरावे, बदलावे, मात्र छापाच्या नावाखाली विकू नये, हेही मान्य आहे. आणि ज्या समाजाने मूळ जात पिढ्यान् पिढ्या सांभाळली त्याला लाभाचा वाटा मिळावा, ही तरतूदही आहे. कागदावरचे कलम आणि हातातला रुपया यांत किती अंतर असते, ते कामगारांना सांगावयास नको. तरीसुद्धा तत्त्व कायद्यात आले, ही लहान गोष्ट नव्हे. खासी टेकड्यांतील त्या अनाम ओझेवाल्याचा प्रश्न दीडशे वर्षांनी निदान नोंदला गेला.

तेव्हा नवा वाण कोणाचा, या प्रश्नाला आमचे उत्तर असे : तो बोंडीला चिठ्ठी बांधणाऱ्या संकरकाराचा आहे, कारण हजारांतून एक निवडण्याचा धीर त्याचा. पण तो एकट्याचा नाही. ज्या रानाने चांदी दिली त्याचा, ज्याने ते रान सांभाळले त्याचा, ज्याने ओझे वाहिले, ज्याने रात्री भट्टी पेटती ठेवली आणि ज्याने चिमट्याने तुकडा कापला, त्या सर्वांचा त्यात वाटा आहे. संकरकाराची मजुरी बुडवून हा वाटा द्यावा, असे आम्ही म्हणत नाही. एका कारागिराचे घेऊन दुसऱ्याला देणे हा न्याय नव्हे.

आपल्याकडे हौसेने संकर करणारी माणसे आहेत, आणि त्यांच्यापैकी काही या सभागृहातही असतील. सह्याद्रीतील, ईशान्येकडील बेगोनियांचे धन आपल्या दाराशी आहे. रानातून झाडे ओरबाडून आणण्याची गरज नाही. बागेत वाढविलेल्या रोपावरून काम सुरू करता येते. तुमच्या हातून उद्या एखादे सुंदर पान निपजले तर त्याला हवे ते नाव द्या, मुलीचे द्या, गावाचे द्या. पण वहीत त्याची पुरी वंशावळ लिहा : आई कोण, बाप कोण, मूळ रोप कोणत्या डोंगरातले, ते कोणी दिले, कोणी वाढविले. पाटीवर एकच नाव मावते, हे खरे. वहीला मात्र पाने पुष्कळ असतात.